डोळ्यांदेखत : तेव्हा हातात काय होतं?

यावेळी पत्रं जरा जास्तच आलीत. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले, द्राक्षाची छाटणी उरकली की आमच्या सांगलीत डोळ्यांच्या ओपीडीत गर्दी वाढते हे दरवर्षीचंच आहे, आणि मागोमाग पत्रंही वाढतात. सगळी घेता आली नाहीत, त्याबद्दल मनापासून माफी. ज्यांचा प्रश्न एकच होता त्यांना एकत्र उत्तर दिलंय. नाव कुणाचंच छापत नाही, गाव तेवढं देते.

विट्याहून एक वाचक
मॅडम, आमच्या अण्णांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्यात जास्त. मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात फुकट होतंय म्हणून नाव घातलंय. पण शेजारचे म्हणतात तिथं शिकाऊ डॉक्टर हात साफ करून घेतात, म्हाताऱ्याचा डोळा जाईल. खरं काय ते सांगा. उसनवारी करून प्रायव्हेटला करू का?

दादा, तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत, कारण बरेचजण विचारतच नाहीत, नुसते घाबरून घरी बसतात आणि मोतीबिंदू पिकून दगडासारखा झाला की मग येतात. शिकाऊ डॉक्टर तिथं असतात का, तर असतात. ऑपरेशनला हात लावतात का, तर लावतात. मीही लावलाय. आज सांगली, मिरज, साताऱ्यात जे जे डोळ्यांची ऑपरेशनं करतात त्या प्रत्येकानं कधीतरी पहिल्यांदा कुणाच्या तरी आईच्या नाहीतर वडलांच्या डोळ्याला हात लावलेला आहे. यात लपवण्यासारखं काहीच नाही. पण तो हात तिथवर कसा पोचतो हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून भीती वाटते.

एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, त्यावर एमएस तीन वर्षं. पहिल्या वर्षी माणसाच्या डोळ्याला सुरी लावायची बातच नसते. नंबर काढायचा, प्रेशर बघायचं, स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या मशीनवर, तासन् तास डोळे बघायचे, सीनियरच्या शेजारी बसून ऑपरेशनं बघायची. आणि संध्याकाळी बोकडाचे डोळे. मटणवाल्याला सांगून ठेवायचं, तो बर्फात घालून द्यायचा, थर्माकोलच्या तुकड्यात खड्डा करून टाचण्यांनी डोळा पक्का बसवायचा आणि मायक्रोस्कोपखाली कापायला, शिवायला शिकायचं. टाक्याचा धागा केसाहून बारीक, नुसत्या डोळ्यांनी टेबलावर सापडत नाही. पहिला महिना माझा निम्मा वेळ धागा शोधण्यातच जायचा. बोकडाचं भिंग मऊ असतं आणि माणसाचा पिकलेला मोतीबिंदू टणक, म्हणून काही ठिकाणी ते डोळे मायक्रोवेव्हमध्ये थोडे शेकून घट्ट करून घेतात. आता मोठ्या ठिकाणी सिम्युलेटर आलेत, कॉम्प्युटरवरच खोटा डोळा दिसतो आणि हात कुठं चुकला तेही आकड्यात दिसतं.

अवघड काय असतं ते सांगते. आपल्या भिंगाभोवती एक पारदर्शक पिशवी असते. आतला गढूळ गर काढायचा आणि पिशवी मात्र शाबूत ठेवायची, कारण नवं भिंग तिच्यातच बसवायचं असतं. साल न फाडता आंब्याची कोय काढण्यातला प्रकार. या पिशवीची मागची बाजू मधोमध अवघी ४ मायक्रॉन जाडीची असते आणि आपला केस साधारण ६०-७० मायक्रॉन. दोन्ही हात कामात, डावा पाय मायक्रोस्कोपच्या पेडलवर, उजवा पाय फेको मशीनच्या, म्हणजे गर फोडून ओढून घेणाऱ्या मशीनच्या, आणि पेशंट जागा असतो, तो खोकतो, तो विचारतो झालं का.

म्हणून सगळं ऑपरेशन एकदम कुणीच हातात देत नाही. आमच्या सरांची पद्धत उलटी होती. सगळ्यात आधी शेवटचं काम द्यायचे, म्हणजे भिंग बसवून झाल्यावर ऑपरेशनपुरतं आत भरलेलं जेल धुऊन काढायचं. ते हाताला बसलं की भिंग बसवायचं, मग गराचे उरलेले कण ओढायचे, असं शेवटाकडून सुरुवातीकडं यायचं. आणि पूर्ण वेळ सर शेजारी, मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या नळीतून मी बघतेय तेच बघत. ते 'थांब' म्हणाले की हात आहे तिथंच थांबवायचा, घाबरून बाहेर ओढायचा नाही, ओढण्यानंच जास्त नुकसान होतं.

तरी चुका होतात. माझ्या हातून झाली. पलूसकडच्या एक आजी होत्या, गर निम्मा निघाला होता आणि एकदम बाहुली मोठी झाली, पुढची पोकळी खोल गेली. मला कळायच्या आत सर म्हणाले, 'थांब. हात तिथंच.' पिशवी मागं फाटली होती. मी उठले, ते बसले, डोळ्यात मागं मुळातच असते ती जेली पुढं आली होती, ती मशीननं कापून घेतली आणि भिंग उरलेल्या पिशवीच्या पुढच्या कडेवर बसवलं. रात्रभर झोप नाही मला. सकाळी सर म्हणाले, पट्टी तूच काढायची आणि सांगायचंही तूच. मी आजींना सांगितलं, आजी, माझ्या हातून आतली पिशवी फाटली, सरांनी सावरलं, नजर येईल पण चार दिवस जास्त लागतील. आजी बराच वेळ माझ्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, 'दुसऱ्या डोळ्याला कोण हाय?' मी म्हणलं सर. 'मग तू शेजारी बस आन् नीट बघ.' त्या दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मी शेजारी बसले होते. पहिल्या डोळ्याला पण नजर आली त्यांच्या.

तेव्हा दादा, उसनवारी करू नका. सहीच्या कागदाआधी सरळ विचारा, ऑपरेशन कोण करणार, शेजारी सीनियर कोण बसणार. हा तुमचा हक्क आहे, त्यात कुणाचा अपमान नाही, आणि चांगला शिकवणारा डॉक्टर नीट उत्तर देतोच. अण्णांचा एक डोळा आधीच गेलेला असता तर मी म्हणाले असते की सीनियरनीच करावं असा आग्रह धरा. आणि एक गोष्ट तुम्ही स्वतःहून सांगा. वयाच्या माणसांना लघवी अडकते म्हणून टॅम्सुलोसिन नावाची गोळी चालू असते. ही गोळी घेणाऱ्याच्या डोळ्यातला रंगीत पडदा ऑपरेशनच्या वेळी ढिला पडतो, हलतो, बाहुली बारीक होते. आधी माहीत असलं तर डॉक्टर तयारीनं बसतो. लोक बीपी-शुगरचं सांगतात, लघवीची गोळी सांगायला लाजतात.

शिकाऊ पोरांबद्दल आणखी एक सांगते मग पुढं जाते. डोळ्यात भिंग बसवायची सुरुवात लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ ला केली. त्याआधी मोतीबिंदू काढायचे आणि सोडाबाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा द्यायचे. लढाईतल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या फुटलेल्या काचेचे, म्हणजे त्या ॲक्रिलिक प्लॅस्टिकचे, तुकडे गेलेले रिडलींनी बघितले होते आणि ते डोळ्यात कसलाही त्रास न देता पडून राहतात हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पण ऑपरेशन बघायला आलेल्या एका विद्यार्थ्यानं विचारलं की खराब भिंग काढलं तर त्या जागी नवं का बसवत नाही. त्या प्रश्नानं रिडलींना पुन्हा कामाला लावलं. आज आपल्या प्रत्येक गावात दहा-वीस माणसं असतील जी त्या पोराच्या प्रश्नामुळं बिनचष्म्याची शेतात जातात.

पलूसहून
आईला पंधरा वर्षं जवळचा चष्मा होता. आता सहा महिन्यांपासून चष्म्याशिवाय पोथी वाचते, सुईत दोरा ओवते. देवाची कृपा म्हणायची का?

ताई, आईंना तपासायला न्या. भिंगाचा मधला गाभा घट्ट होत गेला की डोळ्याला उणे नंबर येतो आणि त्यानं जवळचं काही दिवस छान दिसतं, लांबचं मात्र धूसर होतं. त्यांना विचारा, रस्त्यावरून येणारी बाई कोण ते ओळखू येतं का. मोतीबिंदूचीच सुरुवात असते ही. घाई नाही, पण पोथी वाचता येते म्हणून दोन वर्षं घालवू नका.

आटपाडीकडून
मी मेंढरं राखतो. मागल्या महिन्यात दुपारचं मेंढरं पाण्यावर नेताना डोळ्यावर फाटकन काहीतरी आदळलं, माशीसारखं. तासाभरात डोळा लाल, पाणी, आत वळवळल्यासारखं. बायको म्हणली कुसळ गेलंय. तालुक्याला गेलो तर डॉक्टरनं डोळ्यातनं अळ्या काढल्या, चार का पाच, बारीक. डोळा आता बरा हाय, पण गावात म्हणतेत ह्याच्या डोळ्यात किडं पडलं, कायतरी पाप केलं असंल. असं होतंय का कुणाला? आत राहिलं असतील का?

भाऊ, होतं. आणि पापाशी त्याचा काडीचा संबंध नाही हे मी इथं छापून देते, गावात दाखवा.

मेंढरांच्या नाकात वाढणारी एक माशी असते. ही अंडी घालत नाही, थेट जिवंत अळ्या सोडते, आणि बसूनही सोडत नाही, उडता उडता मेंढराच्या नाकपुडीवर फवारा मारल्यासारखं सोडून जाते. मेंढरं दुपारची एकमेकांच्या पोटाखाली तोंड खुपसून उभी राहतात ना, ते या माशीला भिऊनही असतं. कधीतरी तिचा नेम चुकतो आणि मेंढराच्या जागी माणसाचा डोळा सापडतो. तुम्हाला जे फाटकन लागलं ती तीच.

अळी जेमतेम १ मिलिमीटरची, जवळजवळ पारदर्शक, तोंडाशी दोन काळे आकडे. आकडे रुतवून बसते म्हणून पाण्यानं कितीही धुतलं तरी निघत नाही. आणि उजेडाला भिते. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा स्लिट लॅम्पचा उजेड पाडला की ती सरसर पापणीच्या घडीत पळायची, उजेड कमी केला की परत बाहेर. डोळा बधिर करायचा ड्रॉप घालून चिमट्यानं एकेक उचलायची, मग दोन्ही पापण्या उलटून परत बघायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा बघायचं. माणसाच्या डोळ्यात ही अळी सहसा मोठी होऊ शकत नाही, तिचं घर मेंढराचं नाक. तुमचं खुपणं थांबलंय, लाली गेलीय, नजर पहिल्यासारखी आहे, म्हणजे आत काही राहिलेलं नाही. मात्र नजरेसमोर काही तरंगतंय असं वाटलं किंवा धूसर दिसायला लागलं तर डोळ्याचा मागचा पडदा तपासून घ्या, क्वचित ती आत जाते.

हे एवढं सविस्तर लिहिलं कारण माझ्याकडं शिकणाऱ्या एका मुलानं अशाच एका पेशंटच्या कागदावर 'डोळे आलेत' असं लिहून ड्रॉप देऊन पाठवलं होतं. पेशंट दुसऱ्या दिवशी परत आला. मी त्या मुलाला सगळ्यांसमोर बोलले नाही, त्याला पेशंटशेजारी बसवलं आणि म्हणलं, विचार, डोळा दुखायला लागला तेव्हा तुमच्या हातात काय होतं. पेशंट म्हणाला, काठी आणि काखेत कोकरू. मुलाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघायचं होतं. हा प्रश्न माझा नाही, आमच्या सरांचा आहे, पहिल्या दिवशी पहिलं वाक्य. मशीन लावायच्या आधी विचारायचं, तेव्हा हातात काय होतं. आपल्या भागात या एका प्रश्नात निम्मं निदान होतं.

वाळवा तालुक्यातून एक बहीण
भाऊ ऊसतोडीला आहे. पान डोळ्याला घासलं. मेडिकलमधून ड्रॉप आणून घातला तर दोन दिवस बरं वाटलं, आता आठवड्यानं बुबुळावर पांढरा ठिपका आलाय. फड सोडून येत नाही. तोच ड्रॉप चालू ठेवू का?

नाही. आजच बंद करा आणि आजच घेऊन या, मुकादमाशी बोलायला लागलं तर बोला, पण आजच.

उसाच्या पानाला करवतीसारखी धार असते आणि त्या धारेवर बुरशी असते. बुबुळाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेची, जाडी सगळी मिळून साधारण अर्धा मिलिमीटर. पान घासलं की वरचं आवरण सोलतं आणि बुरशी आत शिरते. ती सावकाश वाढते, पहिले काही दिवस दुखतही नाही फार. मेडिकलवाला लाल डोळा म्हणलं की पुष्कळदा स्टेरॉईड असलेला ड्रॉप देतो, त्यानं लाली उतरते, बरं वाटतं, आणि आत बुरशीला रान मोकळं मिळतं. तुमच्या भावाचं अगदी हेच झालंय असं पत्रावरून दिसतंय. डॉक्टर त्या ठिपक्याचा जरासा खरवडा घेऊन काचेवर बघेल, बुरशीचे धागे तिथल्या तिथं दिसतात. मग नॅटामायसिनचे ड्रॉप, सुरुवातीला तासातासाला, आणि हे कित्येक आठवडे चालतं. कंटाळून सोडायचं नाही. उशीर झाला तर बुबुळाला भोक पडतं, आणि भरून आलं तरी फूल पडतं ते कायमचं.

तूप, मध, एरंडेल, बाळंतिणीचं दूध यातलं काही घातलं असेल तर तेही डॉक्टरला सांगा. रागावणार नाही कुणी. लपवलं तर मात्र आम्ही भलत्या वाटेनं शोधत बसतो.

मिरजेहून एक आई आणि तासगावचे एक बागायतदार, दोघांना एकत्र
मिरजेच्या ताईंच्या चार वर्षांच्या मुलानं आजोबांची चुन्याची पुडी दाबली आणि चुना डोळ्यात उडाला. तासगावच्या दादांच्या डोळ्यात छाटणीनंतर द्राक्षाच्या काडीला लावायचं औषध उडालं. दोघांनीही 'आधी काय करायला हवं होतं' असं विचारलंय.

पाणी. दोन्हीला पाणीच. घागर, नळ, बोअरचा पाईप, जे हाताशी असेल ते स्वच्छ पाणी, आणि घड्याळ लावून कमीत कमी १५ ते ३० मिनिटं. डॉक्टरकडं पळायचं ते धुऊन झाल्यावर. लोक उलटं करतात, पोराला तसंच गाडीवर घालून तासभर प्रवास करतात आणि तो तासभर चुना डोळा भाजत राहतो.

चुना हा अल्कली आहे, ॲसिडच्या उलट जातीचा. ॲसिड डोळ्यावर पडलं तर वरच्या थराचं साकळून थोडंफार अडतं तरी, पण अल्कली विरघळवत विरघळवत आत जातो. त्यात चुन्याचे खडे वरच्या पापणीखाली चिकटून बसतात, नुसतं वरून पाणी मारून ते निघत नाहीत, पापणी उलटून धुवायला लागतं. ताई, तुम्ही लिहिलंय की पोराला चादरीत गुंडाळून नळाखाली धरलं आणि तो किंचाळत असताना तुम्ही रडत रडत पापणी वर ओढून धरली. तुम्ही त्याचा डोळा वाचवलाय. पुढच्या तपासण्या चुकवू नका, आणि आजोबांना म्हणावं डबी उंच फळीवर.

तासगावच्या दादांनी लिहिलेलं औषध म्हणजे हायड्रोजन सायनामाईड. काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून ते लावतात, आणि तेच माणसाच्या डोळ्याला आणि कातडीला फार वाईट. बागेतल्या डोळ्यांसाठी एवढा खर्च करता, शे-दीडशे रुपयांचा गॉगल मजुरांना पण द्या आणि स्वतःपण घाला. पाण्याचा एक कॅन बागेत कायम भरलेला ठेवा.

जगातलं पहिलं यशस्वी बुबुळ बदलण्याचं ऑपरेशन एदुआर्द त्सिर्म नावाच्या डॉक्टरनं ७ डिसेंबर १९०५ ला ओलोमोउत्स गावात केलं, ते गाव आता चेक देशात आहे. पेशंट एक मजूर होता आणि त्याचे दोन्ही डोळे गेले होते ते चुना विझवताना. बुबुळ मिळालं ते एका ११ वर्षांच्या मुलाचं, लोखंड लागून त्याचा डोळा काढावा लागला होता. एका डोळ्याचं कलम टिकलं आणि तो माणूस परत कामाला लागला. म्हणजे या शास्त्राची सुरुवातच चुन्यानं गेलेल्या डोळ्यापासून आहे. आणि आजही बुबुळ कारखान्यात बनत नाही, कुणीतरी गेल्यावर घरच्यांनी लगेच नेत्रपेढीला फोन केला आणि सहा तासांच्या आत ते काढून घेतलं तरच मिळतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या, चष्मा असलेल्या माणसाचं पण चालतं.

कुपवाड एमआयडीसीतून
छिन्नी मारताना डोळ्यात काहीतरी टोचलं. नंतर दुखलं नाही, दिसतंय पण चांगलं. सुट्टी काढून दाखवायची गरज आहे का?

आहे, आणि उद्याच. लोखंडावर लोखंड मारताना उडालेला कण इतका वेगानं जातो की डोळ्याला भोक पाडून आत जातो आणि भोक लगेच मिटतं, दुखत नाही. आत राहिलेलं लोखंड हळूहळू गंजतं, डोळा आतून तांबूस होतो, आणि काही महिन्यांनी नजर जाते. एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करतात. एमआरआय कुणी लिहून दिला तर आधी सांगा की लोखंडाचा कण असू शकतो, चुंबकानं तो आत हलतो. हातात छिन्नी होती हे केसपेपरवर लिहून घ्या.

एका डोळ्याला खोल जखम झाल्यावर क्वचित दुसरा चांगला डोळाही सुजतो, शरीर स्वतःच्याच डोळ्याला परका समजून त्याच्यावर उठतं. ठिपक्यांची लिपी देणारे लुई ब्रेल तीन वर्षांचे असताना वडलांच्या कातडी कामाच्या जागी आरी एका डोळ्यात लागली होती. दुसरा डोळाही गेला, तो याच प्रकारानं असं मानतात. आज यावर औषधं आहेत, पण वेळेत आलात तर.

दहिवडीहून एक सूनबाई
सासूबाई ८२ वर्षांच्या. वयामुळं डोळ्याचा मागचा पडदा खराब झालाय, मधलं दिसत नाही. तीन महिन्यांपासून सांगतात की अंगणात बारकी पोरं बसलेत, टोप्या घालून, बोलत नाहीत. कधी भिंतीवर जाळीची नक्षी दिसते. बाकी सगळं नीट, दुधाचा हिशोब पण तोंडी करतात. नणंद म्हणते बाहेरचं आहे, उतारा टाका. मला वाटतं वेड लागलं का. कुणाला दाखवू?

सूनबाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सासूबाईंना वेड लागलेलं नाही आणि बाहेरचंही काही नाही.

डोळ्याकडून मेंदूला चित्रं जायची कमी झाली की मेंदू रिकामा बसत नाही, स्वतःच चित्रं तयार करतो. बारकी माणसं, टोप्या, फुलं, जाळी, विटांची नक्षी, जनावरं, हेच सगळं जगभरच्या लोकांना दिसतं. आवाज नसतो, नुसतं दिसतं. याला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात. जिनिव्हाच्या या बॉनेनी १७६० मध्ये आपल्या आजोबांबद्दल लिहून ठेवलं, नव्वदीच्या घरातले, मोतीबिंदूनं नजर अधू झालेले, डोकं एकदम शाबूत, आणि त्यांना माणसं, पाखरं, इमारती दिसायच्या. आजोबांना स्वतःला माहीत होतं की हे खरं नाही.

सासूबाईंना शेजारी बसवून हळूच विचारा, ती पोरं खरी आहेत असं वाटतं का हो तुम्हाला. बहुतेक म्हातारी माणसं म्हणतात, नाही गं, मला माहिताय, पण दिसतात. आणि कुणाला सांगत नाहीत, कारण घरचे वेडी म्हणतील. माझ्याकडं एक आजोबा दोन वर्षं गप्प होते. मी विचारल्यावर डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या, म्हणाले पहिल्यांदा कुणीतरी विचारलं.

संध्याकाळी अंधुक उजेडात जास्त दिसतं, म्हणून तिन्हीसांजेला लाईट लवकर लावा. दिसायला लागलं की डोळे मिचकवायचे, नजर डावी-उजवीकडं फिरवायची, किंवा उठून दुसऱ्या खोलीत जायचं, बऱ्याचदा जातं. डोळ्याच्या डॉक्टरला सांगा, मोतीबिंदूही असेल तर तो काढून उजेड वाढला की फरक पडतो. पण ती पोरं बोलायला लागली, काही करायला सांगायला लागली, किंवा सासूबाई दिवस-वार विसरायला लागल्या तर मेंदूच्या डॉक्टरला दाखवा, ते वेगळं प्रकरण. नणंदबाईंना हे पान वाचून दाखवा. उताऱ्याच्या पैशात व्हरांड्यात एक चांगला बल्ब येतो.

कराडहून एमबीबीएसची एक विद्यार्थिनी
मॅडम, मला ऑप्थॅल्मॉलॉजीच करायची आहे, पण बारीक काम करताना बोटं थरथरतात. सगळे म्हणतात डोळ्याच्या सर्जनचा हात जन्मजात लागतो. सोडून देऊ का?

अगं, नको. मदुराईचे डॉक्टर वेंकटस्वामी माहीत आहेत का तुला? संधिवातानं त्यांची बोटं वाकडी झाली होती, पेनसुद्धा धरता येत नव्हता. त्यांनी त्या वाकड्या बोटांत सुरी धरायला स्वतःला शिकवलं, हजारो मोतीबिंदू काढले आणि निवृत्तीनंतर १९७६ मध्ये ११ खाटांवर अरविंद हॉस्पिटल सुरू केलं. देशभरातून डॉक्टर आजही तिथं शिकायला जातात.

थरथर मायक्रोस्कोपखाली सगळ्यांचीच दिसते, कारण सगळंच मोठं दिसतं तिथं. मनगट टेकवायला शीक, करंगळी पेशंटच्या कपाळावर विसावते आणि काम फक्त दोन बोटांनी होतं. ऑपरेशनच्या सकाळी चहा एकच. श्वास रोखून धरू नकोस, सगळे नवीन तेच करतात आणि मग एकदम सुटतो.

भिंगाच्या पिशवीला पुढून गोल खिडकी पाडायची असते, साधारण पाच-साडेपाच मिलिमीटरची, कुठंही चिरा न जाता. त्याची सवय आम्ही टोमॅटोच्या सालीवर केली. टोमॅटो गरम पाण्यात बुडवायचा नाही, साल सैल पडते आणि मग काहीच शिकायला होत नाही. कच्च्या-पिकल्याच्या मधला घे, सुईनं मधोमध टोचून सालीचा एक पदर उचल आणि बारीक चिमट्यानं गोल ओढत ये. पदर धरायचा तो फाटतोय त्या टोकाजवळच, लांबून ओढलास की चीर बाहेर पळते. द्राक्ष त्याहून अवघड, साल पातळ आणि आत रस. पण बाजारात यायला अजून अडीच-तीन महिने आहेत, तोवर टोमॅटोवर कर. गोल पूर्ण झाला की कितव्या टोमॅटोवर झाला ते मला लिहून कळव. माझा एकतिसाव्याला झाला होता.